मागवाल्यांची पोर

त्या घरात तिघांनी मिळून मागावर साठ वर्षं काढली होती. सासूने तीस, तिच्या लेकाने अठरा, सुनेने बारा. पन्नास माग एकदम खडखडू लागले की शेजारच्याने कानाशी ओरडलेलंही कळत नाही, म्हणून शेडमध्ये सगळा कारभार हातांनी आणि ओठांनी. दोन बोटं एकमेकांवर ठेवली की धागा तुटला, मूठ हलवली की कांडीवरचं सूत संपलं. ही सवय काही चपलांसारखी दारात काढून ठेवता येत नाही. घरीही कोणी कोणाला पाठीमागून हाक मारत नसे. समोर यायचं, खांद्याला हात लावायचा आणि तोंड मोठं करून सांगायचं. आवाज असा, की पलीकडच्या बिऱ्हाडाला घरबसल्या सगळ्या बातम्या मिळत.

अशा घरात दोन वर्षांची ठकी वाढत होती आणि तिचं कौतुक तर विचारूच नका. आईने नुसता अंगठा ओठांशी नेला की ही पेला घेऊन हजर. पोरीच्या रक्तातच माग आहे, असं आजी येईल त्याला सांगायची. बोलण्यात मात्र 'आई' आणि 'दे' यांच्यापुढे गाडी सरकत नव्हती. तेही सगळ्यांनी हसण्यावारी नेलं.

त्या हिवाळ्यात ठकीला तीनदा सर्दी झाली आणि तिन्ही वेळा मागोमाग ताप आला. कान ओढायची, आडवी केली की किंचाळायची, घास चावताना रडायची. दोनदा कोपऱ्यावरच्या दवाखान्यातून औषध आणलं. तिसऱ्या दिवशी पोर खेळू लागली, तशी दोन्ही वेळा आईने बाटली फळीवर ठेवून दिली. बरी झालेल्या पोरीच्या पोटात उगाच औषध कशाला, असं तिला वाटे. तिसऱ्या खेपेला सकाळी उशीवर पिवळा डाग दिसला. डाव्या कानातून पू येत होता आणि कालपर्यंत तळमळणारी पोर मजेत बसली होती. सासू तेल कोमट करायला उठली. आईने मात्र ठकीला कडेवर घेतलं आणि थेट कानाच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना गाठला.

बाईंनी बारीक दिव्याने दोन्ही कान पाहिले. दुखणं थांबलं ते पोर बरी झाली म्हणून नव्हे, तर आतल्या पुवाच्या दाबाने पडदा फाटला म्हणून, असं त्यांनी सांगितलं. असा पडदा बहुतेक वेळा आपोआप भरून येतो, पण औषध दहाच्या दहा दिवस द्यायचं, कानात तेल किंवा पाणी जाऊ द्यायचं नाही, असं बाईंनी बजावलं. मग लिहिता लिहिता त्यांनी सहज विचारलं, पोरीला नीट ऐकू येतं ना?

आई कौतुकाने म्हणाली, "लांबून नुसते ओठ हलवले तरी कळतं हो तिला."

बाईंचं पेन थांबलं. त्यांनी हातातला कागद तोंडासमोर धरला आणि साध्या आवाजात ठकीला विचारलं, बाहुली कुठे आहे? ठकी कागदाकडे बघत राहिली. बाईंनी पुन्हा विचारलं. ठकी तशीच. मग त्यांनी कागद खाली घेतला आणि आवाज न काढता नुसते ओठ हलवले. ठकीने लगेच खिडकीतल्या बाहुलीकडे बोट केलं.

"ही ऐकत नाहीये," बाई म्हणाल्या. "ही बघतेय."

आई तिरीमिरीत उठली, ठकीच्या पाठीमागे गेली आणि हाक मारली. बाहेर बसलेली माणसं दचकून आत डोकावली. ठकीने वळून पाहिलं.

"तेवढं येतं ऐकू," बाई म्हणाल्या. "पण जग एवढ्या मोठ्याने बोलत नाही."

दोन्ही पडद्यांमागे पाणी साचलं होतं, बहुधा आधीच्या दुखण्यांपासूनचं. पुष्कळ मुलांचं ते तीनेक महिन्यांत ओसरतं, नाही ओसरलं तर पडद्यात बारीकशी नळी बसवतात. आईने अर्ध्यावर सोडलेल्या औषधांचं रडत रडत सांगितलं. औषध पुरं दिलं तरी पाणी राहू शकतं, म्हणाल्या बाई, पण बरं वाटलं तरी कान पुन्हा दाखवायला हवे होते. रागावल्या असत्या तर आईला सोपं गेलं असतं. दहा पावलांवरून तुटलेला धागा हेरणारी ती, आणि पोटच्या पोरीचं तिला कळलं नव्हतं.

दहा दिवस औषध चुकलं नाही, कान दाखवायची एकही तारीख चुकली नाही. अकरा आठवडे गेले. एका दुपारी ठकी पाठ करून डबे मांडत बसली होती. आईने नेहमीच्या मोठ्या आवाजात पाठीमागून हाक मारून पाहिली, तशी पोर केवढ्याने दचकली. तिने दोन्ही कानांवर हात ठेवले आणि भोकाड पसरलं.

रडं ओसरून पोर पुन्हा डब्यांकडे वळेपर्यंत आई थांबली. मग तिने आवाज खाली आणला. अजून खाली. इतका, की आपल्या तोंडून हाक निघाली की नाही, हे तिचं तिलाच ऐकू आलं नाही.

ठकीने मान वळवली. "आई?"