श्रीमंतरावांचं नाव घेते

नापास झाले असते तर दिवाळीआधी माझं लगीन हुतं. नवरा कसा हाय ते कुनी बघितलंच नव्हतं. आमच्या पाथर्डीकडं ऊसतोडीला मुकादम जोडीच नेतो, नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडं एक कोयता अर्धा हुता, दुसरा अर्धा मी.

म्हनून मी आत्याकडं नागापूरला पळाले. तिथं कामगारांची सोसायटी खोल्या बांधत हुती. ताबा द्यायच्या आधी खोली तपासायला ती मानसं तयार करत हुती. अट सातवी पासची. मी पाचवीतच गुरुजींशी भांडून निघाले ती निघालेच. पन शिकवनारे ओव्हरशेर काकासाहेब म्हनले, "घरात बाया राबत्यात, तपासायला एक तरी बाई पायजे. घ्या हिला."

ओळंबा धरून भिंत सरळ हाय का बघायचं, गिलावा ठोकून आवाज ऐकायचा, मोरीत पानी वतून कुठं पळतंय बघायचं. सगळं शिकले. दाखल्यासाठी शेवटच्या दिशी एक खोली एकटीनं तपासायची अन् उंबऱ्यात उभं राहून मालक अन् ठेकेदाराच्या तोंडावर सगळं सांगायचं. वाईट बी, चांगलं बी. एक गोष्ट गाळली की नापास, अन् नापास झालीस की कोयता, असं दादानं बजावलेलं.

माझ्या वाट्याला आली झुंबरबाईची खोली. तिचा ल्योक कारखान्यात. मी सकाळीच सगळं बघून, ठोकून, नळावर हात धुवायला गेले. परत येते तर काय, म्हातारीनं मुहूर्त काढून गृहप्रवेशच मांडलेला! तोरन, हळदी-कुंकू, हलगीवाला, अन् आळीभरच्या बाया. काकासाहेब एका कडंला, ठेकेदार श्रीमंतराव पोट सावरत दुसऱ्या कडंला. अन् आमचा दादा बी! मुकादमाची जीप रस्त्यावर उभी करून मला न्यायला आल्ता.

आता असल्या येळंला वाईट बोलायचं न्हाई. नव्या उंबऱ्यात कुनी 'भिंत चिरली' म्हनतं का? म्हातारी मला झाडूनंच हानंल. अन् गप बसावं तर कोयता.

मी उंबऱ्याकडं गेले तर बायांनी आडवे हात धरले.

"नाव घेतल्याबिगर आत न्हाई!"

"मावशी, माझं लगीनच न्हाई, नाव कुनाचं घेऊ?"

तवर श्रीमंतराव खिदळले. "अगं, चार दिसात कोयत्याला जुपनार हाईस, त्याचंच घे! बायामानसाला भिंतीतलं काय कळतंय?"

माझं टाळकं सटकलं. म्हनलं, थांब लेका. पदर खोचला अन् खड्या आवाजात सुरू केलं,

"मोरीचं पानी उलटं फिरतं, चुलीला देतं भेट,
श्रीमंतरावांचा गिलावा निघतो नखानं थेट!"

बायांचे आडवे हात खाली आले. मग असा हशा फुटला की हलगीवाल्याची काठीच खाली पडली.

"अगं बया, ठेकेदाराचं नाव घेतलं हिनं!"

"आनखी घे गं, आनखी!"

"खिडकीच्या डोक्यावर चीर पडली, बोट जातंय आत,
श्रीमंतराव हसत्यात, अन् भिंत दावते दात!"

गर्दीतनं एक धिप्पाड बाई म्होरं आली. कपाळाला रुपयाएवढं कुंकू. "कोन गं ही माझी सवत?"

ती छबूबाई निघाली, श्रीमंतरावांची खरीखुरी बायकू! मी दोन पावलं मागं सरले, पन हसू काय थांबंना.

"कुठाय चीर, दाव," ती म्हनली. मी दावली. तिनं बोट घातलं, ते निम्मं आत गेलं. ती नवऱ्याकडं वळली. "अवं, ह्या खिडकीखाली लेकरं झोपनार ना?"

"करतो की नीट..." श्रीमंतराव पुटपुटले.

"दिवाळीच्या आत! तवर घरला जेवायला यायचं न्हाई!"

झुंबरबाईनं मला काय झाडू हानला न्हाई. तोरन काढून माझ्याच हातात दिलं. "ठिव गं. नीट झाल्यावर बांधू. मुहूर्त काय, परत निघतोय."

काकासाहेब डोळं पुसत पुसत आले. हसून हसून पानी आल्तं त्यांच्या डोळ्यात. पन म्हनले, "लंका, एक ऱ्हायलं."

मी बोटांवर मोजाया लागले. दादा मला न्यायला पुढं सरकला.

"छताचं बोलली न्हाईस."

"छत चांगलं हाय, सायेब. पानी तुंबवून बघितलंय. पन ते सांगायचं म्हनजे ह्यांचं नाव परत घ्यावं लागंल."

"घे घे!" सगळ्यांत मोठ्यानं छबूबाईच वरडली.

"छत मात्र पक्कं हाय, थेंब न्हाई गळत,
श्रीमंतरावांचं नाव घेते, ते चालले पळत!"

अन् खरंच, श्रीमंतराव धोतर सावरत गवंडी गोळा करायला पळत हुते.

काकासाहेबांनी तिथंच, हलगीवर कागद ठिवून, दाखल्यावर सही केली. वाकडी आली, कारन हलगीवाल्याला बी हसू आवरत नव्हतं. तवर शेजारच्या खोलीवाल्यांनी माझा एक हात वडला, पलीकडच्यांनी दुसरा. "आधी आमच्याकडं!" "आमच्याकडं गं!"

रस्त्यावर मुकादम हॉर्न वाजवत हुता. दादानं झुंबरबाईच्या पेढ्यानं भरलेलं तोंड कसंबसं मोकळं केलं अन् वरडला, "जावा तुमी! ती न्हाई येत!"