फौजदारीचे पंधरा दिवस

"टेन्शन नका घेऊ, हेमाताई. अपीलला तीस दिवस आहेत," अनुपमा म्हणाली, आणि दोन हातांच्या अंतरावर उभ्या असलेल्या गुणवंतच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

तीस दिवस दिवाणी दाव्यात. फौजदारीत पंधराच! आखातातल्या फुजैराच्या कोर्टात एकोणीस वर्षं दुभाष्याचं काम केलेल्या गुणवंतने हे झोपेतही सांगितलं असतं. हेमाच्या नवऱ्याला, यतीनला, आत्ताच सहा महिन्यांची कैद सुनावली होती. गोदामात फोर्कलिफ्ट मागे घेताना एका माणसाचा पाय चिरडला होता. पंधरा दिवसांत अपील झालं नाही, तर शिक्षा कायम.

"मग मी नीट चौकशी करून चांगला वकील बघते," हेमा डोळे पुसत म्हणाली.

गुणवंत तोंड उघडणार होता. उघडलं नाही.

ही अनुपमा दोन वर्षांपूर्वी पुण्याहून दुभाषी म्हणून आली. शपथ घेताना कुठे उभं राहायचं, न्यायाधीशांकडे कसं बघायचं, आरोपी बोलेल तेवढंच सांगायचं, आपलं शहाणपण मध्ये घालायचं नाही, हे सगळं तिला त्यानेच शिकवलं. त्याची अरबी टायपिंग सेंटरमध्ये अर्ज भरता भरता घडलेली. हिची विद्यापीठातली, व्याकरणशुद्ध. हळूहळू कोर्टाचे कारकून "वेन गुणवंत?", गुणवंत कुठेय, असं विचारायचे थांबले आणि मॅडम म्हणावं तसं आदराने "उस्ताझा अनुपमा" करू लागले. एकदा तर भर कोर्टात न्यायाधीशांनी तिचं कौतुक केलं. त्या दिवशी गुणवंत घरी जाऊन बायकोवर उगाचच खेकसला होता.

आता पडू दे तोंडघशी. दुभाष्याने सल्ला द्यायचाच कशाला?

तो दिवस मोजू लागला. पाचवा, आठवा, अकरावा. कॉरिडॉरमध्ये अनुपमा हसून "नमस्कार काका" म्हणायची, तेव्हा त्याला गंमत वाटायची. मग हळूहळू वाटेनाशी झाली. त्याला यतीन दिसू लागला, आरोपीच्या पिंजऱ्यात दोन्ही हातांनी गज धरून उभा असलेला. हेवा अनुपमाचा, आणि भोगणार तो. चौदाव्या दिवशी दुपारी गुणवंतने फोन लावला.

"अनुपमा, ती यतीनची केस. क्रिमिनलला पंधराच दिवस असतात गं. उद्या खलास!"

"हो काका. त्याच संध्याकाळी लक्षात आलं माझ्या. लगेच हेमाताईंना फोन केला, तिसऱ्या दिवशी अपील फाइलसुद्धा झालं."

गुणवंतला हायसं वाटलं आणि त्याच वेळी चडफडाटही झाला.

"आणि काका, मी असं बोलायलाच नको होतं. ऑफिसात जाऊन मीच सांगितलं आणि या केसमधून बाजूला झाले. अपीलच्या हिअरिंगला तुमचं नाव सुचवलंय. तुमच्याइतकं सांभाळून कोण करणार?"

गुणवंतने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुम्ही तिथेच होतात ना त्या दिवशी?" तिने हळूच विचारलं. "मी तीस म्हटलं तेव्हा? मला वाटलं, चुकत असते तर काकांनी टोकलं असतं."

"गर्दी होती गं," गुणवंत म्हणाला. "मला काही ऐकू आलं नाही."

ऐकू आलं नव्हतं, तर मग आज फोन कशासाठी केला, हे तिने विचारलं नाही.

"जेवलात का, काका?" एवढंच तिने विचारलं.