पोटफुगीचं भूत

कुंजीलालच्या अंगणात अर्धा गाव लोटला होता. सकाळी दावं तोडून धानाच्या राशीत तोंड घालून आलेला त्याचा बैल डाव्या कुशीनं टम्म फुगला होता, जीभ बाहेर आली होती. समोर उदारामबाबा त्रिशूळ परजत उभे. "भूतनी शिरली गा याच्यात! आता जाळतो तिले, पाहजा!" त्रिशूळ कुशीत खुपसायचा, काडी ओढायची, की भोकातून निळा जाळ निघायचा. तिरोडा तालुक्यात चौदा जनावरांवर हा चमत्कार झाला होता. बायकांनी आधीच हात जोडले होते.

योगेश्वरीनं मात्र मुठी आवळल्या होत्या. तीन वर्षांपूर्वी तिच्या गाईच्या कुशीतून असाच जाळ निघाला, गाय उठली, बाबांचा जयजयकार झाला. आठव्या दिवशी गाय मेली. बाबा म्हणाले, "घरच्या बाईनं विटाळ केला." तेव्हापासून तिच्या मायला गावात कोणी गोठ्यात पाऊल ठेवू देत नव्हतं. योगेश्वरी पशुवैद्यकीय कॉलेजात गेली ती डॉक्टर व्हायला कमी, या माणसाचं नाक कापायला जास्त. आज वर्गाच्या गावभेटीसाठी तिनंच हट्टानं स्वतःचं गाव सुचवलं होतं. सोबत आलेल्या शिक्षिका धनवंता मॅडमचा नियम साधा होता: पुस्तकं गाडीत, हात जनावरावर.

"बाबा, थांबा!" ती पुढे झाली. "भूतनी आहे ना? मग उजव्या कुशीतून काढा."

"काऊन? ती डावीकडंच बसते!"

"बसनच. जनावराचं मोठं पोट डावीकडंच रायते!"

"बोलणं पुरे, बैल मरेल," मॅडम म्हणाल्या. "नळी घाल. चुकलीस तर हात मी धरीन."

तिनं बैलाच्या जबड्यात भोकाची लाकडी पट्टी आडवी बसवली आणि त्यातून लांब रबरी नळी घशाखाली सरकवली.

"कुठं गेली, पोटात की श्वासनळीत?" मॅडमनी विचारलं.

तिनं नळीचं टोक नाकाशी धरलं. "पोटात, मॅडम. आंबलेल्या चाऱ्याचा वास आहे."

फुसफुस करत वारा सुटला. टोक बैलापासून दूर नेऊन तिनं काडी ओढली. तोच निळा जाळ! मंत्र नाही, त्रिशूळ नाही, कातडीला ओरखडाही नाही. गर्दी चार पावलं मागे सरली.

"हा पोटातला गॅस! दाणाचारा आंबला की होते, अन् काडी लावली की पेटते. आता तो त्रिशूळ आना इकडं!"

बाबा काढता पाय घेऊ लागले, पण तिचा वर्गमित्र खुमेंद्र फाटकात उभा होता. योगेश्वरीनं त्रिशूळ हिसकावला आणि मधल्या सुळ्याचं लाल फडकं ओढून काढलं. आत टोकदार पोकळ नळी होती, गंजलेली.

"या गंजानं माह्या गाईच्या पोटात पू झाला. मायनं नाही मारली तिले, तुमी मारली. सांगा साऱ्यांसमोर!"

"चुकी झाली," बाबा पुटपुटले.

"मोठ्यानं!"

ते मोठ्यानं बोलले. योगेश्वरीला बरं वाटलं, अगदी पोटातून बरं वाटलं, आणि त्याची तिला जराही लाज वाटली नाही.

बैलाची कूस उतरली. कुंजीलालनं मान खाली घातली. "पोरी, तुह्या मायले बोलाव. येऊ दे तिले गोठ्यात."

"येनार नाही ती, काका. आधी तुमी जा तिच्या दारी, सारेच्या सारे. बाबा तर एकटाच होता, तिले हाकलनारे तुमी होते! अन् पुढं जनावर फुगलं तर डॉक्टरले फोन लावा. जाळ दिसला की हात नोका जोडू, काय जळून राहिलं ते विचारा."

 मग कुंजीलालनं पायात चपला सरकवल्या आणि तो तिच्या घराच्या दिशेनं निघाला.