साठावं पाऊल

शेत इतकं चिंचोळं की या बांधापासून त्या बांधापर्यंत साठ पावलं. एकसष्टावं टाकलं की शेजाऱ्याशी भांडण. नांगराच्या घोडीला म्हणून साठाव्या पावलाला आपोआप वळायची सवय शेतकऱ्याच्या बायकोनंच लावली होती. वळली की मूठभर दाणे, असा दोघींचा रोकडा व्यवहार.

लढाई पेटली आणि नवरा घोडीसकट स्वारांच्या तुकडीत गेला. नांगर धरणारे हात तलवार काय धरणार, म्हणून लोक हसले. हात शिकले, घोडी कसली शिकते! कवायतीत सगळे स्वार सरळ पुढे, ही साठावर माघारी. तुकडीची हसून मुरकुंडी वळायची.

"नांगऱ्या, घोडी बदल," कप्तान म्हणाला.

"बदलली तर बायको घरात घ्यायची नाही, साहेब."

मग शत्रू समोरच्या टेकडीवर येऊन बसला. गावाला नदीपार जायचं होतं, लाकडी पूल एकच, आणि गाड्या, म्हातारीकोतारी, गुरं धरून संध्याकाळ होणार. नदीच्या वरच्या अंगाला पायी पार होता येईल अशी जागा होती, ती राखायला सगळे स्वार हवे होते. पुलाकडच्या रस्त्यावर नांगऱ्या एकटा राहिला, ते काम स्वतःहून मागून घेऊन. घोडीच्या मागे त्यानं काटेरी फांद्या बांधल्या आणि बांधाच्या आडोशाला तिला चालवू लागला; फांद्यांनी धुळीचे लोट उठले.

पलीकडच्या काठावर सासूला गाडीतून उतरवताना बायकोनं ती धूळ पाहिली.

"केवढी फौज आहे आपली," कुणीतरी म्हणालं.

ती मनात मोजत होती. अठ्ठावन्न, एकोणसाठ, साठ. धूळ वळली.

"फौज कसली, आई," ती कुजबुजली. "तुमचा मुलगा नांगरतोय."

"गप्प बस. टेकडीलाही कान असतात," सासू म्हणाली आणि तिचा हात घट्ट धरून बसली.

दुपारी टेकडीवरून दोन गोळ्या सुटल्या. धूळ थांबली. जरा वेळानं धूळ पुन्हा निघाली, साठावर वळली, आणि संध्याकाळपर्यंत वळत राहिली. शत्रू टेकडी उतरायला धजला नाही.

शेवटची गाडी पार झाली, स्वारही आले. पूल तोडायला माणसं कुऱ्हाडी घेऊन उभी होती. बायको पुलाच्या तोंडाशी गेली आणि रोज काम संपल्यावर मारायची तशी हाक मारली, "झालं गं, चल घरी."

घोडी फांद्या ओढत पूल ओलांडून आली. नवरा खोगिरावर होता, मान खाली, कमरेला दोर. दुपारी धूळ थांबली होती ती त्यानं स्वतःला बांधून घेण्यापुरती. कप्तानानं हात लावून पाहिला.

"दुपारीच गेलाय," तो म्हणाला. "पुढचं सगळं हिनं केलं."

बायको ढसाढसा रडली, लाज न बाळगता. मग डोळे पुसून पदराची गाठ सोडली. "दिवसभराचे राहिलेत तुझे," ती घोडीला म्हणाली. दाणे हातात मावेनात, तेव्हा कप्तानानं आपली टोपी पुढे धरली.

सासू ताठ उभी राहिली. "अख्खं गाव पार केलं माझ्या लेकानं," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, आणि ते खरंच होतं.

नव्या गावातलं शेत बरंच लांब आहे. घोडी अजून साठावरच वळते, आणि तिची सवय मोडायची कुणाची छाती नाही. साठाच्या पुढचा तुकडा नांगरायला दर पेरणीआधी कप्तान स्वतः आपला घोडा घेऊन येतो. त्याच्या रेघा वाकड्या येतात. बायको त्याला तोंडावर सांगते.