वाटीची दुसरी बाजू

अम्पारो मेदेलला ती कल्पना सुचली ती कारखान्यातल्या चकचकीत टेबलापाशी नव्हे, बापाच्या वर्कशॉपमधल्या डिझेलच्या टबापाशी. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे कंपनीने तिचा जो सत्कार केला त्यात त्या टबाचं नाव कोणी काढलं नाही. तिनेही नाही.

सेलाया गावाच्या वेशीबाहेर ड्राइव्ह शाफ्ट बनवणाऱ्या एका परदेशी कंपनीचा कारखाना आहे. इंजिनाची ताकद पुढच्या चाकापर्यंत पोचवतो तो हा शाफ्ट. चाक वळो, उडो, खड्ड्यात जावो, ते फिरलं पाहिजे एकाच लयीत, झटका न देता. हे काम शाफ्टच्या टोकाचा जॉइंट करतो: पोलादाची एक जाड वाटी, तिच्यात सहा खाचा आणि खाचांतून धावणारे सहा छरे. इंजिनियर म्हणून अम्पारोने बारा वर्षं या वाट्यांचेच आराखडे काढले होते. त्या साली वरून हुकूम आला की नव्या छोट्या गाडीचा शाफ्ट नऊ टक्के स्वस्त झाला पाहिजे. तिने शाफ्ट पोकळ केला, पोलाद घटवलं, ग्रीस बदललं, आणि सहा टक्क्यांवर घोडं अडलं.

रविवारी ती नेहमीसारखी वडिलांकडे गेली. एन्कार्नासिओन मेदेल, गावाच्या तोंडी चोन मिस्त्री, चाळीस वर्षं जुने शाफ्ट दुरुस्त करून विकत होते. ते कोपऱ्यावरून गरम गोर्दीता, मक्याच्या भरल्या पुऱ्या, आणायला गेले, आणि ती टबातल्या झिजलेल्या वाट्या सहज चाळत बसली. प्रत्येक खाचेची एकच बाजू खाल्लेली होती. गाडी जन्मभर पुढे जाते, मागे किती जाणार? सगळा ताण एका बाजूवर. दुसरी बाजू कोरी करकरीत.

चोन मिस्त्रींचं अख्खं दुकान या कोऱ्या बाजूवर उभं होतं. डाव्या चाकाची वाटी ते उजवीकडे टाकत, उजवीची डावीकडे. फिरण्याची दिशा उलटली की कोरी बाजू कामाला लागे आणि शाफ्ट आणखी चार वर्षं बिनतक्रार चाले. ज्याला नवा परवडत नाही त्याने मिस्त्रींकडे यावं. वाटी बसवली की ते अक्षरांच्या पोलादी पंचांनी तिच्यावर आपल्या नाव-आडनावाची रोमन आद्याक्षरं ठोकत, ई आणि एम. ती खूण म्हणजे वर्षभराचा शब्द.

बापाने त्या कोऱ्या बाजूत गरिबाचा शाफ्ट पाहिला. लेकीने अंगठा फिरवला आणि तिच्या मनात आलं, जी बाजू कधी राबतच नाही तिलाही आपण पूर्ण पाणी देऊन कडक करतो. कशाला?

आठ महिन्यांत तिने ते जमवलं. राबणाऱ्या बाजूला पक्कं पाणी, दुसरीला नुसतं तोंडदेखलं. भट्टीचा वेळ वाचला, घासकाम वाचलं, आणि नऊ मागितलेल्या ठिकाणी साडेदहा टक्के निघाले. विभागप्रमुख वेन्सेस्लाओ इतुआर्ते यांनी तिच्यासाठी स्वतः उठून कॉफी ओतली.

"एकच गोष्ट," ती म्हणाली. "वाटीवर डावी-उजवी अशी खूण कोरू या. वाटीमागे अकरा सेंतावो, चिल्लर जाईल फक्त."

"कोणासाठी?"

"जुन्या बाजारात वाट्यांची बाजू बदलतात. ही बदलली तर कच्ची बाजू ताणाखाली येईल. पंधरा दिवसांत वाजायला लागेल."

इतुआर्ते हसले. "म्हणजे लोक झक मारत नवा घेतील! इंजिनियर, एवढा मोठा फायदा तुम्ही शेवटच्या पानासाठी राखून ठेवलात होय?"

तिने मान खाली घातली आणि गुप्ततेच्या कागदावर सही केली. बापाच्या कानात एक वाक्य टाकायला कोणता कागद आड येणार होता? पण सत्कार ठरला होता, काचेचं मानचिन्ह येणार होतं. तिने मनाची समजूत घातली की नवे शाफ्ट झिजायला चार वर्षं लागतील, तोवर बाबा दुकान बंद करतील. माणूस स्वतःला फसवायला बसला की कसा चोख हिशेब करतो बघा.

त्या हिशेबात ती आपल्याच गावाला विसरली. सेलायात दर शंभर पावलांवर गतिरोधक, तोही गुडघाभर उंच. गाडीचं पोट घासू नये म्हणून इथला प्रत्येक ड्रायव्हर तो तिरपा चढतो: आधी एक चाक, स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं, आणि तसाच पाय गॅसवर. जॉइंटचे यासारखे हाल दुसऱ्या कशात नाहीत. अम्पारो स्वतः रोज असंच चढायची. कंपनीची चाचणी मात्र समुद्रापलीकडच्या गुळगुळीत रस्त्यांवर बेतलेली होती, आणि तिने ती जशीच्या तशी उचलली. नव्या छोट्या गाड्या घेतलेल्या टॅक्सीवाल्यांचे शाफ्ट चौदा महिन्यांत मिस्त्रींच्या दारात आले.

पहिला आला नाबोर. त्याची टॅक्सी मिस्त्रींनी नेहमीसारखी केली, बाजू बदलली, ई आणि एम ठोकलं. तेराव्या दिवशी तो परत हजर.

"मिस्त्री, तुमची बया नाचायला लागली की! वळण आलं रे आलं की टाचा आपटते. टक् टक् टक्!"

"भरधाव हाकत असशील, गाढवा."

"कसला भरधाव! मागे माझी सासू बसलेली."

मिस्त्रींनी फुकटात दुसरी वाटी बसवली. तीही वाजली. मग आणखी दोन टॅक्सीवाले आले, मग एक मास्तरीणबाई. मिस्त्रींनी नवा चष्मा केला. छरे दोन-दोनदा मोजून पाहू लागले. पूर्वी गाडी गोल फिरवून नुसत्या कानाने दोष पकडणारा हा माणूस आता रिकाम्या मैदानात नाबोरला दहा-दहा फेऱ्या मारायला लावी, आणि तरी त्याची खात्री पटत नसे.

एका रविवारी त्यांनी अम्पारोच्या हातात वाटी दिली.

"पोरी, तू शिकलेली. नीट बघ. मला काही दिसत नाही यात." मग हळूच म्हणाले, "माझे हात गेले का गं?"

तोंड उघडायचं होतं ते तेव्हा. तिच्या जिभेवर आलंही होतं.

"वय होतंच ना, बाबा," ती म्हणाली.

त्यांनी मान डोलावली आणि वाटी परत टबात सोडली. इतकी नीच गोष्ट तिने जन्मात केली नव्हती, आणि ती केली ती इतक्या मायेच्या आवाजात.

पुढच्या रविवारी नाबोर तिसऱ्यांदा शाफ्ट घेऊन आला होता. मिस्त्रींनी वाटी शिकंज्यात धरली होती, पण पंचांची पेटी दोरीने बांधून फळीवर टाकलेली होती.

"खूण नाही मारणार?" नाबोरने विचारलं.

"कशाची मारू? माझ्या शब्दात आता दम नाही राहिला. पैसे परत घे आणि दुसरीकडे जा."

"अहो, मी गंमत करत होतो. सासूला बसने पाठवीन मी, पण तुम्हाला सोडून कुठे जाऊ?"

अम्पारोच्याने ते ऐकवेना. "बाबा, तुमचे हात चांगले आहेत," ती म्हणाली. "वाटीच तशी आहे." आणि तिने सगळं सांगितलं: एका बाजूचं पाणी, साडेदहा टक्के, अकरा सेंतावो. नाबोर दारातच थिजला.

मिस्त्रींनी कानस घेतली आणि वाटीच्या खाचेत दोन्ही बाजूंना एकेकदा ओढली. एकीवरून घसरली, दुसरीत रुतली. त्यांचा चेहरा उजळला, खरोखर उजळला. "म्हणजे हात नि कान शाबूत आहेत माझे!" ते नाबोरला म्हणाले. "ऐकलंस ना?"

मग तो उजेड विझला.

"डोकं कोणाचं हे?"

"माझं. तुमच्या टबातल्या वाट्या बघून सुचलं."

"मागच्या रविवारी मी तुला विचारलं, तेव्हा तुला ठाऊक होतं?"

"होतं, बाबा."

त्यांनी फळीवरून पेटी काढली, दोरी सोडली. ई घासून गुळगुळीत झाला होता. त्यांनी पेटीतला पहिलाच पंच उचलला, अम्पारोचा ए. चाळीस वर्षांत न वापरलेला, अजून मूळच्या तेलात माखलेला. नाबोरच्या वाटीवर तो धरून त्यांनी एकच घाव घातला. मग एम.

"एम आपला दोघांचा आहे, त्याला इलाज नाही," ते म्हणाले. शिकंजा सोडून त्यांनी वाटी तिच्या ओंजळीत ठेवली. "ही तुझी. काचेच्या बक्षिसाशेजारी ठेव. नाबोर, पुन्हा कोणाचा शाफ्ट वाजला तर त्याचा मिस्त्री कोण ते आता तुला माहीत आहे."

"बाबा, ऐका ना..."

"तेरा दिवस चालते, बघ."

कोपऱ्यावरच्या बाईने गोर्दीता तळायला घेतल्या होत्या, वास आत येत होता. मिस्त्रींनी खिशातून सुटे काढले. "नाबोर, दोनच आण," ते म्हणाले. "एक तुला, एक मला."