झिजलेली खाच
चाळीस वर्षं बंदुका दुरुस्त करून कारागिराचे डोळे आणि कंबर दोन्ही थकली होती. हे शेवटचं काम, मग दुकान बंद, असं तो तीन वर्षं म्हणत होता आणि बायकोनं ते मनावर घेणं कधीच सोडून दिलं होतं. अशात एक निवृत्त मास्तरीणबाई सासऱ्यांच्या काळची रायफल घेऊन आल्या. अकरा वर्षांपूर्वी ती पुसताना गोळी सुटली आणि त्यांचे यजमान गेले. लाकडी दस्ता फुटलेला, नळी गंजलेली. बाईंना ती पुन्हा अखंड हवी होती, आणि एक उत्तर हवं होतं: गोळी आपोआप सुटली, की यजमानांनी स्वतःच झाडून घेतली?

कारागिरानं नवा दस्ता कोरला, मोडीत निघालेल्या दुसऱ्या रायफलीची नळी बसवली, स्प्रिंग बदलली. मूळचा राहिला तो फक्त घोडा. चाप ओढेपर्यंत घोडा त्याच्याच अंगावरच्या ज्या खाचेमुळे अडून राहतो, ती त्यानं घासूनपुसून भिंगाखाली पुन्हा पुन्हा पाहिली. धार नव्यासारखी होती. घोडा चढवून रिकामी रायफल त्यानं हलवली, आपटली. तो सुटला नाही.

जेवताना त्यानं हे बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "खरं सांगून कुणाचं भलं होणार आहे? त्या बाईला झोप तरी लागू दे."

म्हणून त्यानं फोन करून सांगितलं, की खाच झिजली होती, रायफल आपोआपच सुटली. पलीकडे बाई बराच वेळ रडत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेल द्यायला त्यानं घोडा चढवला, तर तो टिकेना. जरा धक्का लागला की सुटे. भिंग लावलं. खाच झिजून गोल झाली होती. वय झालं, काल आपणच नीट पाहिलं नसेल, अशी त्यानं मनाची समजूत घातली, आणि खरं तर त्याला हायसंच वाटलं.

दुपारी बाई आल्या. दस्त्यावरून हात फिरवत बसल्या, मग शांतपणे म्हणाल्या, "हे गेले त्याच आठवड्यात ह्यांनी ती कुणाकडून तरी दुरुस्त करून आणली होती. म्हणजे दोष त्या माणसाचा."

"असेल," कारागीर म्हणाला.

त्यांना खाच पाहायची होती, म्हणून त्यानं घोडा काढून उलटा केला. हातून गेलेल्या प्रत्येक बंदुकीत, गिऱ्हाइकाला दिसणार नाही अशा जागी, तो आपली तीन ठिपक्यांची खूण ठोकत असे. या रायफलीवर ती ठोकायची राहिली होती. काल ही बाजू कोरी होती.

आता तिथे तीन ठिपके होते, दहा-अकरा वर्षांच्या काळपट गंजानं भरलेले.

बाईंनी चष्मा लावला आणि हात पुढे केला.