मोरीच्या तोंडचे दगड

घराच्या मागच्या भिंतीपासून घळीची कड पूर्वी नऊ पावलं लांब होती. आता जेमतेम तीन. रस्त्याखालच्या मोरीचं तोंड तिथेच उघडतं. पाऊस झाला की पाणी उसळून बाहेर पडतं आणि माती खरवडून नेतं. त्या भिंतीला लागून असलेल्या खोलीत माझी लेक झोपते.

सासऱ्यांनी मोरीच्या तोंडाशी दगड रचले होते. आयुष्यभर रस्त्याच्या कामावर मुकादम; त्यांना कोण शिकवणार? पण दर पावसानंतर दगड कमी भरायचे.

"कोणीतरी उचलून नेतंय," ते म्हणाले.

"असले ओबडधोबड दगड कोण नेणार, बाबा?"

"तू कॉलेज पाहिलंयस, चोर नाही पाहिलेस."

मी गुपचूप प्रत्येक दगडावर रंगाने आकडा घातला. पुढचा पाऊस दिवसभर कोसळला; मी खिडकी सोडली नाही. चिटपाखरूही फिरकलं नाही. ओसरल्यावर पाहते तर चार, नऊ आणि सतरा गायब. वाहून गेले म्हणावं, तर खाली वळणापर्यंत कुठेच नव्हते.

"आजोबांचे दगड फिरतात," जेवताना लेक म्हणाली. "माझ्या पलंगाखाली. गुडगुड करतात."

नवरा हसला. "आईवर गेलीय."

मी सकाळी कोणालाही न विचारता गवंड्याला बोलावलं.

त्याने एक दगड उपटला आणि खालच्या चिखलात कोपरापर्यंत हात घातला. "मुकादम, दगड थेट मातीवर ठेवलेत. फटींतून माती निसटते, दगड खचतो. खाली खडी अंथरायला हवी होती."

"चाळीस वर्षं असेच टाकले," सासरे म्हणाले.

"तेच तर म्हणतोय."

"पण खचून गेले कुठे?" मी विचारलं.

पाणी जिथे गरगरत मागे वळतं, तिथे कडेच्या पोटात त्याने लांब सळई घातली. ती कुठे अडलीच नाही. हातभर, दोन हात, मग दोन पुरुष आत गेली. शेवटी दगडावर ठण्ण वाजली.

"आई!" खोलीतून लेक ओरडली, अगदी खुशीत. "फरशीखालून कोणीतरी वाजवतंय!"

सासरे धावले. चिखलाच्या पायांनी आत शिरले, तिला पांघरुणासकट उचललं आणि थेट रस्त्यापलीकडे नेऊन उभे राहिले.

खोली रिकामी केली. तिच्याखालची पोकळी भरून काढायचं काम चालू आहे. मग मोरीच्या तोंडाशी खडी, तिच्यावर मोठे दगड, रुंद उतरणीने. खडी सासरे स्वतः चाळतात. आज चाळणी खाली ठेवून म्हणाले, "सूनबाई, बाकीच्या मोऱ्यांपाशी कोणाकोणाची घरं असतील गं?"

मी वही घेऊन समोर बसले. ते एकेक रस्ता आठवून सांगतायत. सव्वीस मोऱ्या झाल्या. अजून थांबले नाहीत.